कांद्याच्या हिशेबांतील वावटळ

सन २०२३ च्या फेब्रुवारींत सोलापूरच्या बाजारांत निघालेली एक पट्टी आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा आणिला. भाव किलोस एक रुपया मिळाला. वाहतूक, हमाली व तोलाई वजा जाऊन त्याच्या हातीं दोन रुपयांचा धनादेश पडला. त्या पट्टीविषयीं हळहळ पुष्कळ झाली. आम्हांस मात्र निराळाच प्रश्न पडला: लागवडीपूर्वीं आपण जो हिशेब मांडतों, त्यांत असा प्रसंग आधीं दिसण्याची कांहीं सोय असते काय?

बहुधा नसते. आपण उत्पन्न, भाव व खर्च यांचा प्रत्येकीं एकच आकडा धरतों आणि तळाशीं नफा लिहून वही मिटतों. भाव घसरला तर काय, मजुरी वाढली तर काय, हें मनांत येतें. पण यांपैकीं कोणतें भय मोठें व कोणतें किरकोळ, याचें माप कोणी काढीत नाहीं. तें माप काढण्याची एक रीत आहे. तिच्या आलेखास टॉर्नेडो, म्हणजे वावटळीचा आलेख, असें नांव आहे. कारण चैत्रांत उघड्या रानांतून फिरणाऱ्या वावटळीप्रमाणें तो वर रुंद व खालीं निमुळता असतो. एक्सेलसारख्या स्प्रेडशीटवर तो अर्ध्या तासांत तयार होतो. स्वतःस संगणकाची संवय नसल्यास घरांतील महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलास किंवा मुलीस शेजारीं बसवावें. आंकडे मात्र आपणच सांगावे.

उदाहरणादाखल एक एकर कांदा घेऊं. पुढील आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपल्या वहींतील घालावे. उत्पन्न ८० क्विंटल. भाव क्विंटलीं १,५०० रुपये. काढणी, गोणी, वाहतूक व हमाली मिळून क्विंटलीं ३०० रुपये. लावण व खुरपणीची मजुरी २२,००० रुपये. खतें व औषधें १८,००० रुपये. बियाणें ६,००० रुपये. भावांतून क्विंटलमागील खर्च वजा करून उत्पन्नानें गुणावें व एकरी खर्च वजा करावा. नफा बरोबर ५०,००० रुपये येतो.

आतां पहिल्या स्तंभांत बाबींचीं नांवें लिहून पुढील तीन स्तंभांत प्रत्येक बाबीचा कमी, नेहमीचा व अधिक आकडा मांडावा. कमी-अधिक आकडे मनानें ठोकून देऊं नयेत. मागील पांच-सात वर्षांच्या पट्ट्या काढून पाहाव्या. सर्व बाबींना सरसकट शेंकडा दहा कमी, दहा अधिक असें धरणें ही सर्वांत मोठी चूक होय. भाव व बियाण्याचा खर्च सारखेच हेलकावे खातात, असा अनुभव कोणास आहे? डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्यें खुली झाली. असले प्रसंग ध्यानांत घेऊनच भावाची खालची बाजू ठरवावी.

त्यापुढील दोन स्तंभांत नफा काढावा. एका वेळीं एकाच बाबीचा कमी किंवा अधिक आकडा घ्यावा, बाकीच्या नेहमीच्या ठेवाव्या. भाव ५०० धरतां ३०,००० रुपये तोटा, २,५०० धरतां १,३०,००० रुपये नफा. उत्पन्न ५० क्विंटल धरतां नफा १४,०००, आणि १०० धरतां ७४,०००. मजुरी १८,००० ते २८,००० हलविली तर नफा ५४,००० वरून ४४,००० वर येतो. खतें-औषधें १५,००० ते २२,००० हलविल्यास फरक अवघा ७,००० रुपयांचा.

शेवटच्या स्तंभांत दोन नफ्यांमधील अंतर काढून मोठ्या अंतराची बाब वर येईल अशा क्रमानें ओळी लावाव्या. येथें एक खोड आहे. सूत्रें असलेल्या ओळीच वरखालीं केल्यास सूत्रें भलत्या घरांकडे बोट दाखवूं लागतात. म्हणून निकाल नुसत्या आंकड्यांच्या रूपानें दुसरीकडे उतरवून मगच क्रम लावावा. नंतर दोन्ही नफ्यांचा आडव्या पट्ट्यांचा आलेख काढावा. उभा अक्ष ५०,००० वर छेदावा, दोन्ही मालिका शंभर टक्के एकमेकींवर चढवाव्या आणि बाबींचा क्रम उलटा करावा, म्हणजे सर्वांत लांब पट्टी माथ्यावर येते. बाबींचीं नांवें पट्ट्यांखालीं झांकलीं गेल्यास तीं डाव्या कडेस सरकवावीं.

चित्र पुढें आलें कीं प्रथम नजरेंत भरते ती भावाची पट्टी. ती १,६०,००० रुपयांची, खतांची ७,००० ची. खताच्या पोत्यामागें दहा रुपयांसाठीं आपण दुकानदाराशीं अर्धा तास घासाघीस करतों; विक्रीच्या वेळेचा विचार मात्र गोण्या भरल्यावर होतो. रब्बीचा टिकाऊ कांदा चाळींत ठेवून थोडा थोडा काढतां येतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाहीं. तेथें सारें रान एकदम न लावतां लावणीच्या तारखा पुढें-मागें करणें, किंवा थोडें क्षेत्र ज्वारीस ठेवणें, एवढाच मार्ग उरतो.

याच कोष्टकांत नेहमीचा भाव ३०० घालून पाहावा. उत्पन्नाची पट्टी नाहींशी होते: ५० क्विंटल पिको वा १०० पिको, तोटा ४६,००० च राहतो, कारण क्विंटलमागें जेवढे मिळतात तेवढेच बाजारापर्यंत नेण्यांत जातात. भाव त्याखालीं गेला तर अधिक पिकविणाराच अधिक बुडतो. उभ्या कांद्यांत रोटाव्हेटर घालणाऱ्यास लोक वेडा म्हणतात. हिशेब त्याच्या बाजूचा असतो.

या आलेखाचा एक उणेपणा सांगितला पाहिजे. तो एका वेळीं एकच बाब हलवितो; बाजारांत मात्र त्या जोडीनें हलतात. आपल्या शिवारांत कांदा उदंड येतो त्या वर्षीं बहुधा शेजारच्या तालुक्यांतही येतो. म्हणून आलेखाखालीं आणखी दोन ओळी मांडाव्या. १०० क्विंटल उत्पन्न व ५०० भाव धरतां २६,००० रुपये तोटा येतो. ५० क्विंटल व २,५०० भाव धरतां ६४,००० रुपये नफा.