पऱ्हाटी पेटवण्यापूर्वी हा हिशेब करा

कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर ढीग लावायचा आणि चुलीपुरती ठेवून बाकीची पेटवून द्यायची, ही विदर्भातली जुनी रीत. याच विदर्भात चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरला देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत धरले होते. अशा केंद्रांचा थोडा कोळसा आपली पऱ्हाटी वाचवू शकते.

कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून होता. तो जाळला की हवेत नवी भर पडते. पऱ्हाटीतला कार्बन मात्र झाडाने याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. एक किलो वाळलेल्या पऱ्हाटीतून साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी उष्णता मिळते. वीज केंद्रांतला देशी कोळसाही जवळपास तेवढीच देतो. म्हणून केंद्राने ऑक्टोबर २०२१ च्या धोरणात औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवइंधन पेलेट्स मिसळायला सांगितले. अर्थात पऱ्हाटी ट्रकने फार लांब न्यायची झाली, तर डिझेलच त्यातला बराच फायदा खाते.

तुमचा फायदा वेगळाच आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत लपते. ढीग जूनपर्यंत धुऱ्यावर राहिला, तर तिथूनच पतंग निघून नव्या कपाशीवर जातात. तेव्हा फरदड न घेता जानेवारीपर्यंत शेत मोकळे करा.

मात्र सगळ्यांनीच पऱ्हाटी विकावी, असे मी म्हणणार नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल, तर ती शेतातच ठेवा. श्रेडरने बारीक भुगा करा, म्हणजे बोंडांतल्या अळ्याही चिरडतात. पऱ्हाटी लाकडासारखी, तिच्यात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी. ती न कुजता जमिनीत गेली, तर जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक पिवळे पडते. म्हणून भुग्यावर थोडा युरिया आणि कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून, ओल असताना मातीत मिसळा.

विकायची असेल, तर मुळांची माती झटकून द्या. मातीमुळे राख वाढते आणि भाव पडतो. ओली पऱ्हाटीही कोणी घेत नाही. पेलेट्स बनवणाऱ्या जवळच्या कारखान्याशी डिसेंबरमध्येच बोला आणि तोडणी, भराई, वाहतूक कोणाकडे, हे आधी ठरवून घ्या.