पुड्याची पाठ वाचा



आपण शिरूर कासारकडची माणसे. बाजरी आपल्या ओळखीची. पण बाजारातून पोरांसाठी बिस्किटांचा पुडा आणला आणि त्यावर बाजरीचे कणीस छापलेले असले, तर आत बाजरी किती, हे कसे ओळखाल?

पुडा उलटा करा. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. तिचा क्रम उगीच नसतो. ज्याचे वजन सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले. मग उतरत्या क्रमाने बाकीची. मैदा पहिला, साखर दुसरी आणि बाजरी चौथी असेल, तर ते मैद्याचेच बिस्किट झाले! ज्या धान्याचे नाव पुढे मिरवले, त्याचे शेकडा प्रमाणही छापावे लागते. तेही पाहा.

'सेंद्रिय' हा शब्दही असाच पारखावा. शेणखत घातले की माल सेंद्रिय, असे आपण बोलतो. पण दुकानातल्या पुड्यावर तो शब्द छापायचा, तर प्रमाणपत्र लागते. लहान शेतकरी आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकतो, त्याला मात्र यातून सूट आहे. 'नैसर्गिक' एवढेच लिहिले असेल, तर त्याला सेंद्रिय समजू नका.

गुरुजी, रिकामे पुडे वर्गात मागवा आणि मुलांकडून त्यांची पाठ वाचून घ्या. घरी आईबापांना तीच वाचून दाखवतील. बाजरीचे दाम मोजून मैदा घरी आणायचा नसेल, तर एवढे करायलाच हवे.