मनसरचा शिव, हुसेनची रेषा

कन्हान जंक्शनवरून रामटेकचा फाटा फुटतो. त्याच अंगाला, जबलपूरच्या महामार्गावर मनसर आहे. तिथे पाचव्या शतकातला, वाकाटक राजघराण्याच्या काळातला लाल वालुकाश्माचा शिव सापडला. ठेंगणा, पोट सुटलेला, जटांत चंद्रकोर आणि ओठांवर प्रसन्न हसू. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हे संग्रहालय ज्या प्रदर्शनातून उभं राहिलं, त्याच प्रदर्शनाने आधुनिक चित्रकलेलाही वळण दिलं. 1947-48 च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीत भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. परतलेल्या मूर्ती 1948 मध्ये दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या. ते प्रदर्शन पाहायला मुंबईहून दोन तरुण चित्रकार गेले: पंढरपूरचे मकबूल फिदा हुसेन आणि गोव्यातल्या सालिगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा.

सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेल्या हुसेन यांना तिथे मथुरेच्या आणि गुप्तकाळातल्या मूर्ती भेटल्या, बसोहली शैलीची लघुचित्रंही. मान एकीकडे, कंबर दुसरीकडे, गुडघा पुन्हा पहिल्या बाजूला, ही त्रिभंगाची लय त्यांनी उचलली. पण दगडाची गोलाई सावल्या देऊन कॅनव्हासवर उतरवायचा मोह टाळला. जाड रेषा, सपाट रंग आणि तीन बाक एवढंच ठेवलं. बसोहलीचे तापलेले रंग त्यात भरले. मूर्तीचं वजन त्या रेषेत आलं, आणि हीच त्यांची खरी कमाई.

सूझांची वाट वेगळी. शिल्पांतल्या मिथुनांची, म्हणजे प्रेमी युगुलांची, मांसल ताकद त्यांनी काळ्या, रांगड्या रेषांत आणली. पुढे छापील मासिकांच्या पानांवर रसायन लावून, शाई विरघळवून त्यावर चित्रं काढली. रंग, कागद, छपाई असं एकत्र आणणं म्हणजेच मिश्र माध्यम. फ्रान्समध्ये इव्ह क्लाइन या कलावंताने 1962 मध्ये व्हीनसच्या मूर्तीच्या प्रतिकृतीला गडद निळा रंग दिला, तेव्हाही ओळखीची मूर्ती लोकांना नव्याने पाहावी लागली.

मनसरचा शिव अशा मिश्र माध्यमातल्या कामासाठी फार मोठा ऐवज आहे. रंगात वाळू कालवून त्या दगडाचा खरखरीतपणा आणता येईल, फाटलेल्या कागदांच्या थरांतून जटा उभ्या करता येतील. मात्र फोटोवरून काढलेल्या चित्रात ते पोट नुसतं पोटच राहतं. मूर्तीभोवती फिरून, दगड कुठे फुगतो आणि कुठे आत जातो हे वहीत टिपायलाच हवं. कन्हानच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी लगेच दिल्ली गाठायची गरज नाही. रामटेकच्या गडावर वाकाटककालीन नरसिंह आहेत, आणि नागपुरात 1863 पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, लोकांचा अजब बंगला, आहे.