पलटी नांगराला किती एचपी पुरे?

एप्रिल उजाडला की कड्याच्या शिवारात नांगरटीची घाई सुरू होते. शाळू निघालेला असतो, कडबा बांधून झालेला असतो, कांद्याची रानं मोकळी पडलेली असतात. वळवाचा एखादा पाऊस येण्याआधी ढेकळं निघून उन्हात तापली पाहिजेत, म्हणून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विचारणा असते, पलटी कधी येणार? ट्रॅक्टरवाले रात्रीसुद्धा दिवे लावून तासं काढत असतात. आणि याच दिवसांत कुणाचा ट्रॅक्टर पुढून उठतो, कुणाची चाकं जागेवरच फिरतात, तर कुणाचा काळा धूर बांधापलीकडून दिसतो. ट्रॅक्टर नवा असतो, नांगरही नवा असतो. दोघांचं जमत नाही एवढंच.

अहिल्यानगर-जामखेड रस्त्यावरचं कडा हे आष्टी तालुक्यातलं बाजाराचं गाव. बीड जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरीकडे उतरतो, आष्टी तालुक्याचं पाणी मात्र सीनेवाटे भीमेला जातं. बालाघाटाच्या उतारावर मुरमाड, बरड रानं. कडी आणि सीना नद्यांच्या काठाला काळी, खोल, चिकट माती. दोन-चार किलोमीटरच्या आत रान इतकं बदलतं की एका शेतात तिसऱ्या गिअरमध्ये हसत चालणारा ट्रॅक्टर दुसऱ्या शेतात पहिल्या गिअरमध्ये दम टाकतो. त्यामुळे ‘पलटीला किती एचपीचा ट्रॅक्टर घ्यावा’ या प्रश्नाचं एकच उत्तर देणारा माणूस एकतर विक्रेता असतो किंवा एकाच प्रकारच्या रानाचा मालक.

हिशेब अवघड नाही, वहीच्या पानावर बसतो. नांगराचा फाळ जेवढी माती कापतो तिची रुंदी आणि खोली गुणली की कापाचं क्षेत्रफळ येतं. दोन फाळांचा पलटी, प्रत्येक फाळाची रुंदी ३५ सेंटिमीटर म्हणजे १४ इंच, खोली २५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे १० इंच. काप झाला १,७५० चौरस सेंटिमीटरचा. आता यातला प्रत्येक चौरस सेंटिमीटर कापायला किती किलोची ओढ लागते, हे माती ठरवते. ढोबळमानाने हलक्या रानात पाव ते एकतृतीयांश किलो, मध्यमात अर्ध्या किलोपर्यंत, भारी काळ्या रानात त्याच्याही पुढे. ओलावा निघून गेलेलं काळं रान तर कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाही.

मुरमाड रानात ०.३५ किलो धरले तर एकूण ओढ सहाशे किलोच्या थोडी वर जाते. ताशी ४ किलोमीटर वेगाने एवढं ओढायला नांगराच्या जोडावर ९ एचपी पुरतात. वाफशावरच्या काळ्या रानात ०.७ किलो धरले की हीच ओढ १,२२५ किलो होते आणि १८ एचपी लागतात. इथपर्यंत ऐकून कुणीही म्हणेल, मग ४५ एचपीचा ट्रॅक्टर घ्यायचा तरी कशाला? कारण इंजिनातली सगळी ताकद नांगरापर्यंत पोहोचत नाही. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक पंप आपापला वाटा काढून घेतात. पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, इंजिनाच्या ८५-९० टक्के ताकद उरते. मोकळ्या मातीवर चाकं रुतणं-घसरणं धरलं तर पीटीओवरच्या ताकदीपैकी नांगराच्या हाती ६० टक्क्यांच्या आसपासच येते. म्हणजे १८ एचपीच्या ओढीसाठी इंजिनात ३५ हवेत. त्यावर दगड, हरळीचा पट्टा, चढ यांसाठी पाचवा हिस्सा तरी राखीव. बेरीज ४२-४३ वर जाते आणि ४५ चा ट्रॅक्टर दोन फाळांना बरोबर बसतो.

आता याच रानात मे महिन्याच्या मध्यावर जा. ओल उडालेली, माती दगडासारखी, आणि मालक म्हणतो, ‘जरा खोल घ्या.’ खोली २५ वरून ३० सेंटिमीटर झाली, ओढ चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोवर गेली. काप २,१०० चौरस सेंटिमीटर, ओढ १,८९० किलो, नांगराच्या जोडावर २८ एचपी. वरचा सगळा हिशेब केला तर इंजिन ६५ च्या घरातलं हवं. नांगर तोच, शेत तेच, फक्त दोन इंच खोली आणि तीन आठवड्यांचा उशीर. ‘ट्रॅक्टर ओढत नाही’ अशी तक्रार होते तेव्हा निम्म्या वेळा या दोन इंचांनीच घात केलेला असतो.

वेगाचंही तसंच. गिअर चढवला की एकर लवकर उरकतो हे खरं, पण पलटीची ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढू लागते. माती नुसती पलटत नाही, फेकली जाते. फेकायची ताकद डिझेलमधूनच येते.

एवढं गणित झालं तरी एक गोष्ट राहतेच, आणि ट्रॅक्टर निवडताना सगळ्यात जास्त फसगत तिच्यातच होते. ती म्हणजे वजन. एचपी इंजिनात असतो, पण जमिनीला धरून ठेवतं ते मागच्या चाकांवरचं वजन. साध्या टू-व्हीलचा ट्रॅक्टर शेतात मागच्या चाकांवरच्या वजनाच्या जेमतेम निम्मी ओढ नीट देतो. १,२२५ किलो ओढायचे तर मागे अडीच टनांच्या आसपास भार हवा. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचं अख्खं वजन दोन टनांच्या आगेमागे असतं, आणि त्यातला पुढचा वाटा पुढच्या चाकांवर. नांगराचं वजन आणि कापताना खाली खेचणारी माती थोडी भर घालतात. उरलेली तूट भरून काढायला मागच्या टायरांत पाणी भरतात, चाकांना ओतीव लोखंडाची वजनं लावतात. १३.६-२८ च्या टायरजोडीत पाऊण भागापर्यंत पाणी भरलं की साडेतीनशे-चारशे किलो वाढतात. नळाचं पाणी, खर्च जवळपास शून्य. तरीही पाच एचपी जास्त असलेल्या मॉडेलसाठी लाखभर रुपये मोजणारा माणूस टायरात पाणी भरायचा कंटाळा करतो, हे कोडं सुटत नाही.

चाकं किती घसरतात हे शेतातच कळतं. मागच्या टायरवर खडूने रेघ ओढायची, नांगर उचलून ठेवून चाकाचे दहा फेरे मोजायचे आणि जमिनीवर किती अंतर तुटलं ते पावलांनी किंवा टेपने घ्यायचं. समजा ४० मीटर. मग त्याच रानात नांगर लावून पुन्हा दहा फेरे. ३४ मीटर भरले तर घसरण १५ टक्के, म्हणजे ठीक. २८ भरले तर तीस टक्के डिझेल टायर घासण्यात जातंय. अशा वेळी एक फाळ कमी करावा नाहीतर वजन वाढवावं, एचपी वाढवून उपयोग नाही. उलट १० टक्क्यांच्याही खाली घसरण आणि तरी इंजिन दबतंय, तर मग खरोखर इंजिन कमी पडतंय. फोर-व्हीलचा ट्रॅक्टर ओल्या काळ्या रानात उजवा ठरतो तो याच कारणाने, चारही चाकांवरचं वजन कामाला लागतं.

या वजनाच्या गोष्टीला आष्टी तालुक्यात एक वेगळीच बाजू आहे. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमारास कोयते बाहेर पडतात तेव्हा त्यांच्याबरोबर कितीतरी ट्रॅक्टरही पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. हंगामभर दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहायचा आणि उन्हाळ्यात गावी येऊन नांगरट करायची, असा एकाच यंत्राचा दुहेरी संसार चालतो. मालक ट्रॅक्टर घेतो ते उसाच्या हिशेबाने, कारण हप्ता उसावर फिटणार असतो. त्यामुळे एचपी भरपूर मिळतो. पण डांबरी रस्त्यावर पाच महिने घासलेल्या टायरांची नक्षी एप्रिलपर्यंत उरलेली नसते. मग ५० एचपीचा ट्रॅक्टर काळ्या रानात ४० च्या ट्रॅक्टरसारखा वागतो आणि दोष मातीला किंवा नांगराला जातो.

रोटाव्हेटरचं गणित नांगराच्या अगदी उलटं. त्याला ओढ लागतेच कमी. फिरती पाती ट्रॅक्टरला मागून पुढे ढकलतात. तिथे कामाला येतो तो पीटीओचा एचपी. साधारण पाच फुटी रोटाव्हेटरला ३५-४० एचपी, सहा फुटीला ४५-५०, सात फुटीला ५५ च्या पुढे, असा हिशेब शेतकरी धरतात आणि तो वाजवी आहे. मात्र रोटाव्हेटरवर खूश होऊन दरवर्षी फक्त रोटाच मारत राहिलं की पात्यांच्या खाली चार-पाच इंचांवर घट्ट थर तयार होतो, पाणी मुरत नाही. तो फोडायला सबसॉयलर लावायचा तर पुन्हा ओढीचाच प्रश्न येतो, तोही सगळ्यात कठीण.

हायड्रॉलिक पलटीचं वजनही लक्षात घ्यावं लागतं. दोन फाळांचा पलटी साडेतीनशे-चारशे किलोचा आणि तो ट्रॅक्टरच्या मागे लांब लटकतो. माहितीपत्रकावर १,५०० किंवा १,८०० किलो लिफ्ट असं छापलेलं असतं ते बहुतेक वेळा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेलं. नांगराचा भार टोकापासून दोन फूट मागे असतो, तिथे आकडा बराच खाली येतो. लिफ्टने नांगर उचलला तरी ट्रॅक्टरचं नाक हलकं होता कामा नये. पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा पाचवा हिस्सा राहिला नाही तर वळणावर स्टेअरिंग हवेत फिरतं. म्हणून पुढे बंपरची वजनं लावतात, ती काही शोभेला नसतात.

हा नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव करण्याचा विचार हॅरी फर्ग्युसन या आयरिश मेकॅनिकचा. १९२० च्या दशकात त्याने पेटंट घेतलेल्या तीन जोडांच्या पद्धतीत नांगरावरचा ताण ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला कळतो. ताण वाढला की लिफ्ट नांगर किंचित वर घेते आणि त्या क्षणी नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो. १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यात तयार झालेल्या ट्रॅक्टरात हीच पद्धत होती, आणि आज कड्याला दिसणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या सीटशेजारी ड्राफ्ट कंट्रोलचा दांडा असतो. तो वापरणारा ड्रायव्हर मात्र क्वचित दिसतो. बहुतेक जण नांगर एका खोलीवर कुलूपबंद करून टाकतात आणि कठीण पट्टा आला की क्लचवर पाय ठेवतात. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला तेव्हाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता: एका बैलजोडीची ताकद सुमारे एक एचपी, म्हणून भारी रानात अवजड नांगराला एकापुढे एक जोड्या जुंपाव्या लागत. जोडी कमी पडली तर शेतकरी खोली कमी करायचा. बैल दमलेला डोळ्यांना दिसायचा.

बोनेटवरचा एचपी कितपत खरा, हा संशय जुना आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझर या शेतकरी आमदाराने फसव्या जाहिरातींना वैतागून १९१९ मध्ये कायदाच करून घेतला: चाचणी झाल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या बुदनी इथली केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते आणि अहवाल प्रसिद्ध करते. त्यात पीटीओवरची कमाल ताकद, लिफ्टची क्षमता, वजन लावून आणि न लावता मिळालेली ओढ हे सगळं लिहिलेलं असतं. शोरूममध्ये हा अहवाल मागणारा गिऱ्हाईक विरळा. मागावा. ५० च्या जरा खाली घुटमळणारी इतकी मॉडेल का आहेत, याचंही उत्तर कागदावर आहे: जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले, त्यांची इंजिनं महाग झाली, म्हणून कंपन्यांचा ओढा त्या रेषेच्या आत राहण्याकडे आहे. म्हणजे ४९ आणि ५२ यांच्यातला किमतीचा फरक ओढीच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. यामुळे मोठ्या मॉडेलचा मोह वाढणं साहजिक आहे. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांचं निघालं. एवढ्या रानात ६० एचपीचा ट्रॅक्टर वर्षातून फार थोडे दिवस चालेल. बाकी दिवस तो भाड्याने फिरवावा लागेल किंवा हप्त्याच्या रूपाने अंगावर येईल. भाड्याने फिरवायचा असेल तर आपलं नव्हे, गिऱ्हाइकांचं रान डोळ्यांसमोर हवं: बांध किती जवळ, वळायला जागा किती, काळं किती आणि बरड किती. छोट्या वाफ्यात जड ट्रॅक्टर वळवताना कडेची माती अशी दाबून बसते की तिथला कांदा डोळ्यांना कमी दिसतो.

खोल नांगरट दरवर्षी करावी लागते असंही नाही. कोरडवाहू रानाला तीन वर्षांतून एकदा पुरते, हा कृषी खात्याचा जुना सल्ला आहे. मधल्या वर्षांत मोगडा आणि वखराच्या पाळ्यांवर भागतं. सगळ्यात जड काम तीन वर्षांतून काही तासांचंच असेल तर त्या कामाच्या मापाचा ट्रॅक्टर दारात बांधण्याची गरज राहत नाही. ४० एचपीचा ट्रॅक्टर मोगडा, पेरणी, फवारणी, पाच फुटी रोटाव्हेटर आणि बाजार समितीत कांदा नेणं एवढं सगळं करतो, आणि तिसऱ्या वर्षी पलटीवाल्याला एकरी भाडं देऊन बोलावता येतं. फक्त त्याला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोलवायचं, रानात थोडी ओल असताना.