फुसका बार : लहान काडतुसाचा मोठा धोका

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या खेडेगावच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल, तीन अवस्था, या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्याच्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने म्युनिक येथे ५० मीटर रायफलमध्ये जागतिक विजेतेपद पटकाविले होते. कोकण-देशावरून आलेल्या पूर्वजांची आठवण ठेवणाऱ्या आम्हा मॉरिशसच्या मराठी कुटुंबांनाही या दोन बातम्यांनी आनंद दिला. या निमित्ताने आम्ही वाचकांना एका वेगळ्याच विषयाकडे घेऊन जात आहोत. या दोघा नेमबाजांच्या रायफलीत जे काडतूस असते, ते जगातील सर्वांत लहान काडतुसांपैकी एक आहे. त्याला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. भारतात एन.सी.सी.ची मुलेमुली याच काडतुसावर नेम धरायला शिकतात. स्वस्त, हलके, धक्का न देणारे, म्हणून पुष्कळांना ते खेळण्यातले वाटते. पण ते सदोष निघाले तर डोळा जाऊ शकतो, बोटे जाऊ शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कडेत भरलेला मसाला

मोठ्या बंदुकीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टिकली बसविलेली असते. बंदुकीची पिन त्या टिकलीवर आपटते, ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. पॉइंट टू-टूमध्ये अशी टिकली नसते. पितळेच्या पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कडा असते, ती आतून पोकळ असते आणि ठिणगी देणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. पिन कडेवर आपटते, कडा चेपते, मसाला पेटतो. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये लुई फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास अशी लहान काडतुसे केली. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी १८५७ मध्ये त्यात दारू घालून ती पिस्तुलासाठी विकली, आणि आज सर्वत्र चालणारे ‘टू-टू लाँग रायफल’ १८८७ मध्ये निघाले.

या रचनेतच तिचे दुबळेपण आहे. पिनेच्या ठोक्याने कडा चेपली पाहिजे, तर पितळ पातळ ठेवावेच लागते. म्हणजे ज्या भागाने स्फोटाचा सर्व जोर सोसायचा, तोच भाग मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. मोठ्या काडतुसाचे बूड जाडजूड असते, याचे तसे नाही. शिवाय मसाला भरण्याचे कामही नाजूक आहे. ओला मसाला थेंबभर पुंगळीत टाकून पुंगळी गरगर फिरवितात, म्हणजे तो कडेत सगळीकडे पसरतो, आणि मग तो वाळवितात. कुठे कमी पसरला, तर कडेचा तेवढा भाग कोरडा राहतो. नेमकी तिथेच पिन आपटली, की काडतूस उडत नाही. कारखान्यात अशी काडतुसे प्रचंड संख्येने तयार होतात आणि स्वस्त विकली जातात. त्यात एखादे वाईट निघणारच, हे धरूनच चालावे.

न उडालेले काडतूस

दिवाळीत एखादा फटाका फुटला नाही की आपल्या घरची वडील माणसे मुलांना ओरडून सांगतात, “वाकून बघू नकोस, थांब!” बंदुकीलाही हाच नियम लागू आहे. चाप ओढला, ‘टक’ असा आवाज झाला आणि बार झाला नाही, तर काडतूस मेलेलेच आहे असे समजू नये. मसाला क्वचित उशिराने पेट घेतो. ही उशीर बहुधा क्षणाचीच असते, पण त्या क्षणी माणसाने बंदूक उघडलेली असेल तर पुंगळी हातातच फुटते. म्हणून नळी निशाणाच्या दिशेला तशीच धरून निदान ३० सेकंद, आणि बरे म्हणजे पूर्ण एक मिनिट, थांबावे. मग चेहरा बाजूला ठेवून काडतूस काढावे. ते खिशात घालू नये, जमिनीवर टाकून देऊ नये, आणि कडा फिरवून पुन:पुन्हा उडविण्याचा हट्टही करू नये.

हलका आवाज सर्वांत वाईट

न उडालेल्या काडतुसापेक्षाही वाईट असते ते अर्धवट उडालेले काडतूस. दारू कमी पडली, किंवा दमट होऊन नीट पेटली नाही, तर ‘फुस्स’ असा हलका आवाज येतो. धक्का जाणवत नाही, निशाणावर भोक दिसत नाही. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते. नेमबाजाने ‘फुसका बार’ म्हणून हसून दुसरा बार टाकला, की मागची गोळी पुढच्या गोळीवर जाऊन आदळते. नळी फुगते, आणि दुर्दैव असेल तर फाटते. आपोआप काडतूस भरणाऱ्या रायफलीत हा धोका जास्त, कारण बोट भराभर चालते आणि हलका आवाज कानात शिरेपर्यंत पुढचा बार सुटलेला असतो. आवाज जरा जरी वेगळा वाटला, तर तिथल्या तिथे थांबावे, बंदूक रिकामी करावी, बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे. दिसला नाही तर बंदूक जाणकाराकडे द्यावी.

पुंगळी फाटते तेव्हा

तिसरा प्रकार पुंगळी फाटण्याचा. पितळ ठिसूळ निघाले, किंवा दारू जास्त पडली, तर कडा फाटते. मग तापलेला वायू आणि पितळेचे कण पुढे जाण्याऐवजी मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडावर येतात. अमेरिकेत २०१० नंतरच्या दशकात विंचेस्टर कंपनीने टू-टू काडतुसांच्या दोन गटांना परत बोलावले होते. काही काडतुसांत दुप्पट दारू पडली असण्याची शक्यता आहे, असे कंपनीनेच जाहीर केले होते.

त्याआधी २००९ मध्ये रेमिंग्टन कंपनीचे प्रकरण गाजले. २००२ मध्ये हॉर्नडी कंपनीने ‘पॉइंट वन-सेव्हन एच.एम.आर.’ नावाचे एक नवे काडतूस काढले होते. टू-टू मॅग्नमच्या पुंगळीचा गळा आवळून त्यात हलकी, फार वेगाने जाणारी गोळी बसविलेली. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत हे काडतूस चांगले चालले, कारण तिथे बोल्ट पक्का अडकलेला असतो. पण आपोआप भरणाऱ्या रायफलीत बोल्टला असे कुलूप नसते. त्याचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यानेच तो जागेवर राहतो. नळीतला दाब ओसरण्याआधी तो जरा जरी मागे सरकला, तर पातळ पुंगळीला आधार उरत नाही आणि ती फाटते. हे काडतूस अशा रायफलींना योग्य नाही, असे काडतूस पुरविणाऱ्यानेच कळविल्यावर रेमिंग्टनने आपली ५९७ नमुन्याची त्या काडतुसाची रायफल आणि काडतुसेही परत मागविली. यातून शिकायचे ते हे, की काडतूस एकटे चांगले किंवा वाईट नसते. ते कोणत्या बंदुकीत घातले यावर पुष्कळ अवलंबून असते. साधे टू-टू मॅग्नमच्या रायफलीत सैल बसते आणि उडविल्यावर चिरते, तोही याच जातीचा अपघात.

पेटीवरचा क्रमांक फेकू नका

काडतुसांच्या प्रत्येक पेटीवर गटाचा क्रमांक छापलेला असतो. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, एकाच मालातून तयार झालेली काडतुसे म्हणजे एक गट. ऑलिम्पिकचे नेमबाज या क्रमांकाला फार जपतात. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर असते. तिथे गटागटातला बारीक फरकही भोवतो. म्हणून ते वेगवेगळे गट उडवून पाहतात आणि आपल्या रायफलीला मानवणारा गट निवडून त्याचा साठा करतात. सामान्य माणसाला हा क्रमांक दुसऱ्या कारणासाठी हवा. कंपनीने सदोष माल परत मागविला, तर आपली काडतुसे त्यात आहेत का, हे फक्त या क्रमांकावरून कळते. सुटी काडतुसे डब्यात ओतून पेटी फेकून देणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

आपल्या बेटावर

डचांनी १६३९ मध्ये जावाहून हरणे आणली, तेव्हापासून मॉरिशसमध्ये शिकारीची परंपरा आहे. जून ते सप्टेंबरच्या थंडीत ब्लॅक रिव्हरकडच्या डोंगरांत बंदुकांचे आवाज घुमतात, आणि त्या भागात आपली मराठी घरेही आहेत. हरणाला मोठे काडतूस लागते, टू-टू नव्हे. पण लहान काडतूस म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मात्र खोटी. त्याच्या पेटीवर गोळी सव्वा मैलापर्यंत जाऊ शकते, असा इशारा छापलेला आढळतो.

आपली हवा दमट आहे, त्यात वादळ-पावसाचे महिने. टू-टूची गोळी पुंगळीत उथळ बसविलेली असते, त्यामुळे ओल आत शिरण्याला वाट मिळते. तेल तर याहून लवकर शिरते, म्हणून तेलकट हाताने किंवा तेल टिपकणाऱ्या बंदुकीत काडतुसे ठेवू नयेत. परवानाधारकांनी ती कोरड्या, बंद डब्यात, मूळ पेटीसकट, बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात ठेवावीत. आजोबांच्या कपाटातली, हिरवट पडलेली जुनी काडतुसे “बघू उडतात का” म्हणून बंदुकीत घालू नयेत. उडविताना डोळ्यांवर मजबूत चष्मा असावाच.

आणि ज्यांच्या घरी बंदूक नाही, त्या आईबापांसाठी एक शब्द. उसाच्या शेतात, ओढ्याकाठी किंवा रानाच्या वाटेवर मुलाला न उडालेले काडतूस सापडले, तर ते चकचकीत पितळ त्याला आवडणारच. टू-टूच्या बाबतीत मसाला कडेच्या सगळ्या वर्तुळात असतो. दगडाने कुठेही ठोकले तरी तो पेटू शकतो. आगीत टाकले तर गोळी फार लांब जात नाही, कारण तिला नळीचा आधार नसतो, पण पुंगळीचे तुकडे डोळा फोडण्याइतक्या जोराने उडतात. म्हणून मुलांना आजच सांगून ठेवा : हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवायची, मोठ्या माणसाला बोलवायचे. मोठ्यांनी ते केरात किंवा चुलीत न टाकता पोलीस ठाण्यावर कळवावे. आपल्या देशात परवान्याशिवाय काडतूस बाळगणे हाही गुन्हाच आहे.

स्वप्नीलच्या पदकाकडे पाहून आपल्याही मुलामुलींना नेमबाजीची ओढ लागली, तर ते चांगलेच आहे. तो शिस्तीचा खेळ आहे. फक्त तो चांगल्या शिक्षकाच्या नजरेखाली शिकावा, आणि पहिला धडा नेम धरण्याचा नसून थांबण्याचा असावा. बार झाला नाही, थांबा. आवाज हलका आला, थांबा. पुंगळी फुगलेली किंवा चिरलेली निघाली, थांबा आणि त्या गटातले पुढचे काडतूस भरू नका. एका मिनिटाच्या धीराने नेमबाजाचे काही बिघडत नाही. डोळा मात्र गेला की परत येत नाही.