मोटारीचे सुख आणि तिच्या स्प्रिंगा

'सुख' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पण त्याचे नाते रथाच्या चाकाशी आहे हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. 'ख' म्हणजे पोकळी. चाकाच्या तुंब्यात ज्या छिद्रातून आस जातो ते छिद्र जर चांगले असेल, तर तो रथ 'सुख', अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती सर्वांसच मान्य आहे असे नव्हे. तथापि ऋग्वेदात हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो, एवढे खरे. बसणाराच्या सुखाआधी वाहनाचे सुख, हा क्रम आम्हांस गेल्या वर्षी घरच्याच एका प्रसंगाने नव्याने समजला.

आमच्या पुतण्यास मोटारीचे वेड आहे. घरात मोटार एकच, चाकण येथे तयार झालेली पोलो. तीच वहिनींना दवाखान्यात नेते, तीच लग्नामुंजींस जाते, आणि तीच वर्षातून एकदोनदा चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील शर्यतीच्या मार्गावर धावते. ज्यास 'ट्रॅक डे' म्हणतात त्या दिवशी तेथे शर्यत नसते. शुल्क भरून सामान्य माणसासही आपली गाडी त्या सुमारे ३.७ किलोमीटरच्या वळणदार मार्गावर मनसोक्त हाकता येते. समोरून बैलगाडी येण्याचे भय नाही की म्हैस आडवी येण्याचे नाही. गंमत अशी की, पुण्याहून सातारा, कोल्हापूर करीत बंगळूरास जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हाच पुढे श्रीपेरुंबुदूरवरून चेन्नईस जातो. म्हणजे आमचे घर आणि तो ट्रॅक एकाच रस्त्यावर, मध्ये अकराशेंहून अधिक किलोमीटर. आणि ते अंतर त्याच गाडीने, त्याच स्प्रिंगांवर काटावयाचे. केवळ शर्यतीची गाडी असती तर ती मालमोटारीवर लादून नेता आली असती. येथे एकाच सेवकास दोन धनी आहेत.

पुतण्याने एका गॅरेजात गाडी दीड इंच खाली बसविणाऱ्या कडक स्प्रिंगा घालून आणल्या. शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले. गाडी दिसावयास देखणी झाली हे आम्हीही कबूल केले. पंधराच दिवसांनी वाईहून परत येताना एका गतिरोधकावर ती अशी आपटली की, मागे बसलेल्या वहिनींच्या कमरेत कळ येऊन त्या तीन आठवडे अंथरुणास खिळल्या. (गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच व माथ्यास गोल असावा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. आपल्याकडे गावोगाव जे उभारलेले दिसतात, त्यांच्या कर्त्यांस ते कोणी वाचून दाखविलेले नसावे.) दादांनी गाडी विकून टाकण्याची भाषा सुरू केली. पुतण्या आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, चूक गाडीची की माझी, एवढे तरी पाहू द्या. मग विका." आम्ही जन्मभर मुलांकडून शब्दरूपे पाठ करून घेतली, यंत्रशास्त्र आमचा प्रांत नव्हे. पण त्रैराशिक व वर्गमूळ आम्हांस येते, आणि या विषयास त्याहून फारसे अधिक लागत नाही असे दिसून आले.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज पंडिताने १६७६ मध्ये जगापुढे ठेवला, तो अक्षरे विसकटून, कूटाच्या रूपाने; उलगडा केला १६७८ मध्ये. भार दुप्पट तर दबणेही दुप्पट, एवढाच तो नियम. त्यावरून गाडीच्या बैठकीचे एक सोयीचे माप निघते: गाडी दाबून मोकळी सोडली तर ती सेकंदास किती वेळा खालीवर होईल? घरगुती मोटारीत हा आकडा साधारण एक ते दीड असतो. निव्वळ शर्यतीच्या गाडीत दोन ते अडीच. आणि वाऱ्याच्या दाबाने जमिनीस चिकटून धावणाऱ्या गाड्यांत त्याहूनही पुष्कळ अधिक. हा आकडा कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो दुप्पट करावयाचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. उलट स्प्रिंग कडक होण्यास फार थोडे पुरते. तिच्या तारेची जाडी शेकडा १० ने वाढविली की कडकपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण तो जाडीच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. दुकानात दोन स्प्रिंगा हातात घेऊन 'दिसायला सारख्याच आहेत' म्हणणाराने हे ध्यानात ठेवावे. काही ठिकाणी मूळ स्प्रिंगचेच वेढे कापून गाडी खाली बसवितात. त्या अघोरी उपायाविषयी न लिहिलेलेच बरे.

शॉकअ‍ॅब्सॉर्बर हे नाव फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग; हा तेलाचा दट्ट्या तिची उसळी आवरतो. घोडा बदलला तर लगाम तोच ठेवून चालत नाही. स्प्रिंग दीडपट कडक करून जुनाच शॉक ठेवला, तर त्याची आवरण्याची शक्ती नव्या स्प्रिंगच्या मानाने शेकडा १८ ने कमी पडते. त्यात गाडी खाली बसल्याने दट्ट्यास दबण्यास जागा उरत नाही, व तो तळाच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळतो. त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. गतिरोधकावर याचे फळ वहिनींच्या कमरेस मिळाले; ट्रॅकवर भर वळणात तेच घडले तर चाकाची पकड एकाएकी सुटते.

खाली बसविण्याचा आणखी एक दोष आम्हांस फार उशिरा कळला. या गाडीच्या पुढच्या चाकांस मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना असते. तीत गाडी फार खाली आणली की खालचा आर्म आडव्या रेषेपलीकडे वर झुकतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. दोहोंमधील अंतर वाढते. म्हणजे गाडीस कलविणारी तरफच लांबते. कल कमी व्हावा म्हणून गाडी खाली केली, आणि कलण्याची प्रवृत्ती वाढून बसली!

पण कल म्हणजेच सर्वस्व, हाही भ्रमच होय. समजा, गाडी ११०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर, दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १४५ सेंटिमीटर, आणि वळणावरील ओढ गुरुत्वाकर्षणाच्या नऊदशांश. तर ११०० ला ०.९ ने व ५५ ने गुणून १४५ ने भागले असता सुमारे ३७५ किलो येतात. एवढा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. या हिशेबात स्प्रिंगच्या कडकपणास कोठेही स्थान नाही. (गाडी कलल्यामुळे किंचित फरक पडतो, पण तो किंचितच.) हे गणित मांडून दाखविले तेव्हा पुतण्या बराच वेळ गप्प बसला. मग स्प्रिंगा करतात काय? तो भार पुढच्या जोडीने किती उचलावा व मागच्या जोडीने किती, याची वाटणी करतात. पोलोत इंजिन पुढे, ओढणारी चाकेही पुढचीच. त्यामुळे पुढचे बाहेरचे टायर आधीच कष्टलेले असते आणि गाडीचे नाक वळणाबाहेर पळू पाहते. अशा गाडीत पुढे कडकपणा वाढविणे म्हणजे थकलेल्यावरच ओझे घालणे. मागची बाजू थोडी कडक केली तर नाक वळते. पण ते जपून, कारण पावसाळ्यात खंबाटकी घाटात शेपूट घसरली तर तेथे ट्रॅकसारखे मोकळे मैदान नसते.

दोन महिन्यांच्या खटपटीनंतर आमच्या घरी जे ठरले ते असे. आधी झिजलेले बुश व स्ट्रटच्या माथ्याचे रबर बदलावयाचे, कारण तेच सैल असतील तर बाकी सर्व व्यर्थ. स्प्रिंगा मूळच्यापेक्षा शेकडा २५ कडक, आणि गाडी अर्ध्या इंचाहून अधिक खाली न आणणाऱ्या; शॉक त्या स्प्रिंगांशी जुळवून बनविलेले. पुढची चाके माथ्याकडे दीड अंश आत कललेली ठेवावयाची. त्याहून अधिक कल ट्रॅकवर शोभतो, पण अकराशे किलोमीटर सरळ रस्त्यावर टायरची आतली कड खाऊन टाकतो. उंची व कडकपणा फिरवून बदलता येणाऱ्या 'कॉइलओव्हर' संचाचा मोह पुतण्यास होता. तो संच वाईट नव्हे. परंतु ज्यास एका खटक्याचा फरक बसल्या जागी ओळखता येत नाही, त्याने वीस खटक्यांचे पैसे का मोजावे? उरलेल्या रकमेतून चांगले टायर, ब्रेकचे पॅड व ब्रेकचे तेल आले. हे तेल हवेतील ओलावा शोषते, आणि जुने झाले की ट्रॅकवर उकळते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ गाडीतील फेरबदलांवर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. आपल्याकडील नेहमीच्या विमापत्रात शर्यत व वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी आपटली तर तो खर्च आपलाच, असे धरून चालावे.

पुतण्या माघात ट्रॅकवर जाऊन आला. पूर्वी पुढच्या टायरची बाहेरची कड सोलून निघत असे. या खेपेस झीज बरीच सारखी होती. परतल्यावर दुसऱ्याच रविवारी वहिनी मागच्या आसनावर बसून वाईस जाऊन आल्या. घरी उतरताना त्यांनी त्यास विचारले, "नवे शॉक बसवायचे म्हणत होतास ना? कधी बसवतोस?" दादा गाडी विकण्याविषयी अद्याप पुन्हा बोललेले नाहीत, पण तो विचार सोडल्याचेही त्यांनी कोणास सांगितलेले नाही.