ओहोळातला सोडा

आमच्या आनंद नगरात पावसाळ्यात वाहणाऱ्या ओहोळांना सगळे सरसकट नाला म्हणतात. मला मात्र त्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कुतूहल वाटतं. तो येतो कुठून?

बराचसा मातीतून. झाडांची मुळं आणि जिवाणू श्वसन करतात, त्यामुळे मातीत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट साठतो. मुरलेलं पाणी तो घेऊनच ओहोळात झिरपतं. मग सोड्याची बाटली उघडावी तसं होतं. दगडांवर आपटत पाणी वायू सोडत जातं. २०१३च्या एका जागतिक अंदाजानुसार नद्या-ओढ्यांतून वर्षाला सुमारे १८० कोटी टन कार्बन हवेत जातो.

सांडपाणी मिसळलं की घाण कुजताना हा वायू आणखी वाढतो, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. म्हणून ओहोळाची तब्येत यावरूनही कळते.

कुणाला मोजायचं असेल तर काठावरच मोजा. उघड्या बाटलीतून वायू उडतो, सामू वाढतो. आणि पहाटेही जा. दिवसा शेवाळ वायू शोषून घेतं, त्यामुळे नुसत्या दुपारच्या आकड्यावर ओहोळ आहे त्याहून निरोगी वाटेल.